शेजारच्याचा व्हॉल्व्ह

फौजेतून परतलेली माणसं एकमेकांना भेटली की आधी नाव विचारत नाहीत. लष्करातला असेल तर 'कुठली पलटण?' आणि नौदलातला असेल तर 'कुठलं जहाज?' आमच्या मालवणकडे नेव्हीतून पेन्शनीत आलेले पुष्कळ. एसटी स्टँडवर, कँटीनच्या रांगेत, माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यातल्या बाकावर हे प्रश्न सारखे कानावर पडतात. मग जहाजाचं नाव निघतं, साल निघतं, दोघांच्या ओळखीचा एखादा पेटी ऑफिसर सापडतो. नाही सापडला तर गप्पा रक्तदाबाच्या गोळ्यांवर येतात आणि नंबर लागला की माणसं उठून जातात. त्याच बाकावर क्वचित एक वेगळा प्रश्न ऐकू येतो: 'कुठली बोट?' तो ऐकला की दोघंही उठायचं विसरतात. नंबर पुकारला जातो, मागचा माणूस पुढे निघून जातो, आणि हे दोघे कुठल्याशा पंपाबद्दल बोलत बसतात.

बोट म्हणजे पाणबुडी. तीवर नोकरी केलेले लोक तिला दुसरं काही म्हणत नाहीत.

माझे काका त्यांतले. सत्तरच्या दशकात, मिसरूड फुटायच्या वयात भरती झाले, जामनगरच्या 'वालसुरा'त विजेचं काम शिकले, काही वर्षं जहाजावर काढली आणि मग पाणबुडीसाठी आपणहून नाव दिलं. का दिलं, असं विचारलं तर 'भत्ता जास्त होतो' एवढंच सांगतात. शर्टाच्या खिशावर दोन डॉल्फिनांचा बारीकसा बिल्ला मात्र आजही असतो. लग्नाला जाताना असतो, बाजारात सुरमई बघायला जातानाही असतो. तो पाहून अनोळखी माणसं त्यांच्याशी येऊन बोलतात, आणि तासाभराने ती घरी जेवायला आलेली असतात.

ही जवळीक कशाची, हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. संकटातून एकत्र गेलेली माणसं जवळ येतात, हे सोपं उत्तर. पण काकांच्या पानाला पान लावून बसणारे हे पाहुणे त्यांच्याबरोबर कधी समुद्रात गेलेलेच नसत. एखादा 1971 च्या लढाईतला, एखादा काका निवृत्त झाल्यावर भरती झालेला. एकाने रशियन बोटीवर नोकरी केलेली, दुसऱ्याने जर्मन बनावटीच्या. गाव वेगळं, भाषा वेगळी, हुद्दा वेगळा. आयुष्यातला एक दिवसही त्यांनी एकत्र घालवलेला नाही. त्यांच्यात सामाईक होती ती एक परीक्षा.

तिची सुरुवात आपल्याकडे तशी अलीकडची. साठच्या दशकात भारतीय नौदलाचे थोडे अधिकारी आणि नौसैनिक ब्रिटनमध्ये पाणबुडीचं काम शिकले. बोटी मात्र मिळाल्या सोव्हिएत संघाकडून. पहिली तुकडी व्लादिवोस्तोकला गेली, आधी रशियन शिकली आणि मग यंत्रं. 8 डिसेंबर 1967 ला लॅटव्हियातल्या रिगा बंदरात 'कलवरी' नौदलात दाखल झाली, कमांडर के. एस. सुब्रमण्यन तिचे पहिले कप्तान. त्या तारखेला आजही पाणबुडी दिवस पाळतात. मागोमाग 'खांदेरी', 'करंज' आणि 'कुरसुरा' आल्या, नंतर 'वेला', 'वागीर', 'वागली', 'वागशीर'. खांदेरी तर आपल्या अलिबागसमोरचा महाराजांचा जलदुर्ग. 1974 मध्ये विशाखापट्टणमला 'सातवाहन' ही शिक्षणसंस्था उभी राहिली आणि पाणबुडीचं शिक्षण घरीच मिळू लागलं. काका तिथलेच. पण त्यांच्या बोटीवरच्या पाट्याही रशियनच होत्या, त्यामुळे मालवणच्या शाळेत इंग्रजीत कसेबसे पास झालेले काका झडपांची नावं रशियनमध्ये धडाधड वाचायचे.

सातवाहनमधला वर्ग संपला म्हणजे माणूस सबमरीनर झाला असं होत नाही. तो बोटीवर शिकाऊ म्हणून जातो, आणि शिकाऊला बोटीवर फारशी किंमत नसते. मुळात जागाच नसते. फॉक्सट्रॉट जातीची ती बोट 91 मीटर लांब. तीत पाऊणशे माणसं, दहा टॉर्पेडोनळ्या, तीन डिझेल इंजिनं आणि 448 सेलची बॅटरी. उरलेल्या फटींमध्ये माणसांनी राहायचं. एक पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्याच ऊबदार बंकवर पडतो. गोडं पाणी पिण्यापुरतं, त्यामुळे अंघोळ नाही आणि कपडे धुणं नाही. घालून टाकून द्यायचे कपडे मिळतात. अशा ठिकाणी शिकाऊ म्हणजे खायला एक तोंड आणि श्वास घ्यायला दोन नाकपुड्या जास्त. काका पहिले काही महिने टॉर्पेडोंच्या शेजारी झोपत. 'गार लागतात,' एवढीच त्यांची टॉर्पेडोंबद्दलची तक्रार.

शिकाऊच्या हातात एक वही असते. ती आता काकांकडे नाही; बोटीतला कागद बाहेर नेता येत नाही. पण त्या वहीतलं पान न् पान ते अजून सांगू शकतात. उच्च दाबाच्या हवेची लाइन, हायड्रॉलिकची लाइन, बोट खाली-वर करणाऱ्या टाक्यांची, तोल सांभाळणाऱ्या पाण्याची, बॅटरीच्या वायुवीजनाची, पिण्याच्या पाण्याची. प्रत्येक लाइन बोटीच्या नाकापासून शेपटीपर्यंत हाताने चाचपत जायची. गुडघ्यांवर, पोटावर, फळ्यांखाली शिरून, इंजिनाच्या मागे हात घालून. कुठे झडप आहे, ती कोणत्या बाजूला फिरते, ती बंद केली तर आणखी काय बंद पडतं, तिच्या जागी दुसरी कुठली वापरता येते. मग ते सगळं आठवून काढायचं, आणि त्या कप्प्यातल्या जबाबदार माणसाकडे सही मागायला जायचं. तो चार प्रश्न विचारतो. एक चुकलं की वही परत. काकांना हुद्द्याने त्यांच्याहून खालच्या असलेल्या एका स्टोकरने इंजिनरूमच्या सहीसाठी कितीतरी फेऱ्या मारायला लावल्या. त्याचं नाव आजही ते आदराने घेतात.

सगळ्या सह्या झाल्या की शेवटची फेरी. अधिकारी बरोबर घेऊन कप्प्याकप्प्यातून चालवतो. इथे आग लागली, काय करशील? इथे पाणी शिरलं, आधी काय बंद करशील? दिवे गेले आहेत, मास्क कुठे आहे, हात लावून दाखव. ती फेरी पार पडली की डॉल्फिन. ब्रिटिश नौदलात तो बिल्ला रमच्या ग्लासात टाकून देतात आणि रम संपवून तळातून दातांनी उचलायचा, अशी रीत आहे. काकांच्या वेळी काय झालं हे त्यांनी पुतणीला सांगितलेलं नाही.

मला या सगळ्यात थक्क केलं ते एका गोष्टीने. काका विजेचं काम करणारे. त्यांना मोटारी, बॅटरी, दिवे यायला हवेत हे उघड आहे. ते तर जामनगरलाच शिकून झालं होतं. डॉल्फिनसाठी त्यांची परीक्षा झाली ती टॉर्पेडोची, इंजिनाची, सुकाणूची, पंपांची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामांची. आणि हेच सगळ्यांना लागू. डॉक्टर असो, रेडिओवाला असो, बोट चालवायला आलेला लेफ्टनंट असो. स्वयंपाक्यालासुद्धा. मालाडच्या 'हमला'त पन्नास-शंभर जणांचं जेवण रांधायला शिकून आलेला मुलगा इथे बॅटरीतल्या हायड्रोजनचं प्रमाण कसं मोजायचं ते शिकतो. कारण बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. आणि ती बॅटरी नेमकी त्याच्या शेगडीच्या पायाखाली असते.

कारण समजून घ्यायला बोटीची रचना डोळ्यांपुढे आणायला हवी. फॉक्सट्रॉटचे सात कप्पे. पहिल्यात पुढच्या टॉर्पेडोनळ्या, दुसऱ्यात अधिकारी आणि त्यांच्याखाली अर्धी बॅटरी, तिसऱ्यात नियंत्रण, चौथ्यात उरलेली बॅटरी आणि स्वयंपाकघर, पाचव्यात डिझेल इंजिनं, सहाव्यात मोटारी, सातव्यात मागच्या नळ्या. दोन कप्प्यांमध्ये जाड पोलादी भिंत, आणि तिच्यात माणूस वाकून जाईल एवढं गोल दार. पाणी शिरलं किंवा आग लागली की ती दारं बंद होतात. मग ज्या कप्प्यात जे असतील त्यांनीच जे करायचं ते करायचं. तज्ज्ञ तीन कप्पे पलीकडे असेल तर तो जगाच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखाच. समुद्राचं खारं पाणी बॅटरीच्या आम्लात पडलं तर क्लोरीन वायू तयार होतो. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलावू या, असं म्हणायला फुरसत नसते. त्या क्षणी झडपेशेजारी जो उभा असेल, ती झडप त्याची. तो स्वयंपाकी असू शकतो, शिंपल्यासारखा अंथरुणात मिटून पडलेला शिकाऊ असू शकतो, कप्तान असू शकतो.

काकांच्या बिल्ल्याचा अर्थ मला तेव्हा कळला. बहुतेक प्रमाणपत्रं सांगतात की या माणसाला त्याचं काम येतं. हे सांगतं की याला तुमचं काम येतं, तेव्हा तुम्ही निर्धास्त झोपा. पाण्याखाली शंभर मीटरवर पाऊणशे माणसांपैकी बरीचशी कुठल्याही घटकेला झोपलेली असतात. पहाऱ्यावर कोण आहे, त्याचा स्वभाव कसा, तो आपल्याला आवडतो का, हे झोपणाऱ्याच्या लेखी गौण असतं. त्याच्या वहीत सह्या आहेत, त्या कोणी केल्या आणि करण्याआधी किती छळलं, हे ठाऊक असतं. मैत्री नंतर झाली तर झाली.

म्हणून पन्नास वर्षांनी दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या अनोळखी माणसाशी आधी ओळख वाढवायची गरज पडत नाही. एरवी मैत्रीत जे वर्षानुवर्षं पारखून घ्यावं लागतं, ते इथे दोघांच्याही बाबतीत कुणीतरी आधीच पारखून ठेवलेलं आहे.

ज्या गावातून काका गेले तिथली रीत याच्या बरोबर उलटी. सुताराने लाकूड तासायचं, लोहाराने लोखंड ठोकायचं, न्हाव्याने वस्तरा धरायचा. बलुतेदारीने माणसाला त्याचं काम जन्मताच नेमून दिलं आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायची बंदी केली. कोण कोणाकडे पाणी पिणार तेही त्यावरून ठरायचं. बलुतेदारी गेली असं आपण म्हणतो, पण शहरात तिची नवी शिवण दिसतेच. मी ज्या कचेरीत काम करते तिथे शेजारच्या टेबलावरचा माणूस दिवसभर काय करतो हे मला सांगता येणार नाही, आणि मला ते यावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. माणूस जितका जास्त शिकतो तितकं त्याचं काम समजणारी माणसं कमी होत जातात. विशेष शिक्षण माणसाला एकटं पाडतं हा आपला नेहमीचा अनुभव. बोटीवरच्या शिक्षणाने तसं केलं नाही, कारण तिथे विशेष शिकायचं ते इतरांचंच काम असतं. हुद्दे तिथेही होतेच. अधिकाऱ्यांचा टेबल वेगळा, नौसैनिकांचा वेगळा. काका काही समतेचे गोडवे गात नाहीत. पण लेफ्टनंटला सहीसाठी स्टोकरपुढे उभं राहावं लागतं, हे ते सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या बंधुभावाला एक बाहेरही आहे. तिथे काकू उभी आहे.

काका सुट्टीवर यायचे तेव्हा घरात आधी डिझेलचा वास शिरायचा. ट्रंकेतले कपडे काकू वेगळे भिजवायची, तरी वास महिनाभर जायचा नाही. बोट कुठे गेली होती, हे विचारायचं नाही आणि विचारलं तरी उत्तर 'समुद्रात' हेच. पाणबुडीवरून पत्र येत नाही. किती दिवस येणार नाही, तेही आधी कळत नाही. बोटीतल्या गोष्टी पहिल्यांदा काकूच्या कानावर पडल्या त्या पाहुण्यांमुळे. जेवायला आलेल्या अनोळखी माणसाशी काका जे बोलत ते तिच्याशी कधी बोललेलेच नसत. भाकऱ्या वाढता वाढता ती ऐकायची. एकदा पाहुणा गेल्यावर मला म्हणाली, "बोटीतले सगळे नळ ह्यांका म्हायत आसत. घरातलो नळ वर्षभर गळता, तो काय दिसणा नाय."

नंतर एकदा काकांबरोबर मी विशाखापट्टणमला गेले. तिथे समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' वाळूत ठेवली आहे. 1969 मध्ये नौदलात आलेली ती बोट 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. आत माहिती सांगायला माजी नौसैनिकच असतात. तिकीट काढून आम्ही शाळेच्या सहलीमागे आत शिरलो. मुलं गोल दारापाशी अडखळत होती, डोकी आपटून घेत होती. काकांनी दाराच्या वरची कड दोन्ही हातांनी धरली, पाय आधी टाकले आणि सत्तरीकडे झुकलेलं शरीर पलीकडे गेलं. पलीकडे उभा असलेला गाईड मुलांना काहीतरी सांगत होता, तो मधेच थांबला. बिल्ला त्याला अजून दिसलेलाच नव्हता.

"सर, कौन सी बोट?"

पुढचा अर्धा तास मुलांना त्यांच्या शिक्षिकेनेच फिरवलं. गाईड विजयनगरमकडचा, इंजिनरूमवाला, काकांहून वयाने लहान. त्या दोघांनी एकमेकांना जे विचारलं ते मी लक्ष देऊन ऐकलं. लढाईचं, वादळाचं, भीतीचं एक अक्षर नाही. चौथ्या कप्प्यात बॅटरीच्या खड्ड्यात उतरताना डावा खांदा कुठे अडकतो. अमुक पंप सुरू होताना आधी कसा खोकतो. सहाव्या कप्प्यात कुठल्या कोपऱ्यात उकाडा सगळ्यांत कमी. ऐकताना वाटलं, दोघं एकमेकांची परीक्षाच घेताहेत. पण तसं नसावं. जे आपल्याशिवाय कुणालाच खरं वाटत नाही त्याला दुसऱ्याकडून दुजोरा मिळतोय याचं ते सुख होतं. तुझाही खांदा तिथेच अडकायचा ना?

पहिल्या कप्प्यात टॉर्पेडोनळीच्या तोंडाशी मुलं घोळक्याने उभी होती. नळीचा व्यास 533 मिलिमीटर. बोट तळाशी पडली आणि दुसरा इलाज उरला नाही तर रशियन पद्धतीत माणसं याच नळीतून बाहेर पडतात. रबरी सूट आणि श्वासाचं यंत्र चढवून एकामागून एक आत सरपटत शिरायचं. मागचं दार बंद होतं, नळीत पाणी भरत जातं, कानांवर दाब वाढतो, आणि अंधारात हातोडीच्या ठोक्यांनी एकमेकांना खुणा करायच्या असतात. मग पुढचं झाकण उघडतं. याचा सराव प्रत्येकाला करावा लागे. एका मुलाने विचारलं, आत अडकलं तर? गाईडने काकांकडे बघितलं, काकांनी गाईडकडे. "आगे वाला निकलेगा तो पीछे वाला निकलेगा," काका म्हणाले. मुलाला ते पटलेलं दिसलं.

त्याच किनाऱ्यावर जरा पुढे 1971 च्या विजयाचं स्मारक आहे. समोरच्या समुद्रात पाकिस्तानची 'गाझी' डिसेंबर 1971 मध्ये बुडाली, आतल्या सगळ्या माणसांसह. त्याच लढाईत काही दिवसांनी पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुकरी' बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक. दोन्ही बाजूंचे आकडे काकांना पाठ आहेत आणि कुठला आपला, कुठला त्यांचा यात त्यांची कधी गल्लत होत नाही. पण स्मारकापाशी उभे असताना मी 'गाझी'बद्दल काही विजयी सुरात बोलले असावे, कारण ते इतकंच म्हणाले, "तेपण क्वालिफाईड होते." त्या वाक्यात क्षमा नव्हती आणि शत्रुत्वाचा विसरही नव्हता. पाण्याखाली शेवटच्या मिनिटांत काय करायचं हे त्या माणसांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते केलं असणार, एवढी खात्री त्यांना आपल्या माणसांइतकीच त्यांच्याबद्दलही होती.

एप्रिल 2021 मध्ये मला तीच खात्री पुन्हा दिसली. कोविडची दुसरी लाट, सगळे घरात कोंडलेले, आणि टीव्हीवर बातमी आली की बालीच्या उत्तरेला इंडोनेशियाची 'नांगाला' ही पाणबुडी टॉर्पेडोच्या सरावात बेपत्ता झाली. आत 53 माणसं. काकांनी नोकरीची शेवटची वर्षं जर्मन घराण्यातल्या बोटीवर काढली होती. आपली 'शिशुमार' 1986 मध्ये कील बंदरात नौदलात आली, आणि नांगालाही तिथलीच, त्याच घराण्यातली वयाने थोडी मोठी बहीण. काकांनी कागद घेतला आणि आडवी बोट काढली. माणसं आता कुठे जमली असतील, दिवे गेले असतील तर कुठे, बॅटरी उरली असेल तर कुठे. वीज गेली असेल तर हवा बहात्तर तास पुरेल, असं इंडोनेशियाच्या नौदलाने सांगितलं. भारतानेही आपलं खोल पाण्यातलं बचाव यान विशाखापट्टणमहून रवाना केलं. फोन वाजायला लागला आणि थांबेचना. कोची, चंदीगड, भुवनेश्वर, नाशिक. पलीकडच्यांपैकी निम्म्यांचे चेहरे काकांनी कधी पाहिलेले नव्हते. कुणी रडत नव्हतं, कुणी देवाचं नाव घेत नव्हतं. सगळे पाण्याची खोली विचारत होते.

अवशेष सापडले ते 838 मीटरवर, तीन तुकड्यांत. त्या खोलीचा अर्थ काकांना आकडा ऐकताक्षणी कळला. काकूला तो त्यांच्या तोंडाकडे पाहून कळला. तिने फोन बंद करून ठेवला आणि चहा टाकला. इंडोनेशिया नकाशावर कुठे आहे हे काकूला सांगता आलं नसतं, पण बोटीवरच्या माणसाच्या घरी संध्याकाळी कसा फोन येतो, याची तिने आयुष्यभर मनात तालीम केलेली होती. 14 ऑगस्ट 2013 ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक'वर स्फोट होऊन अठरा जण गेले, तेव्हाही काकांच्या आधी तीच जागी होती. त्या तालमीला बिल्ला मिळत नाही. बोटींवरच्या माणसांनी आपला बंधुभाव जितका जपला आहे, तितकी त्यांच्या घरच्या बायकांची ओळख एकमेकींशी झाली असती तर त्यांनी एकमेकींना काय विचारलं असतं, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून आहे.

आता बोटी बदलल्या. माझगाव गोदीत बांधलेली नवी 'कलवरी' 2017 मध्ये आली, मग 'खांदेरी', 'करंज'; जुन्या बोटींचीच नावं पुन्हा दिली. 10 मार्च 2021 ला मुंबईत नवी 'करंज' दाखल झाली तेव्हा प्रमुख पाहुणे होते ॲडमिरल विजयसिंह शेखावत. जुनी 'करंज' नौदलात आली तेव्हाच्या तुकडीत ते होते, आणि 1971 च्या लढाईत तिचे कप्तान होते. नव्या बोटीवर आठ अधिकारी आणि पस्तीस नौसैनिक पुरतात. पूर्वी माणसांनी फिरवायच्या कितीतरी झडपा आता पडद्यावरून फिरतात. सुटकेचा सरावही बदलला. त्यासाठी 2024 च्या अखेरीस सातवाहनमध्ये 'विनेत्र' नावाची नवी सोय झाली.

मग त्या जुन्या ओळखीचं काय? पंपाचा खोकला आणि खांदा अडकायची जागा इतिहासजमा झाल्यावर हे लोक कशावर बोलणार? डिसेंबर 2023 मध्ये नौदल दिनाचा सोहळा आमच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. गर्दीत साताऱ्याकडचा एक तरुण नौसैनिक भेटला, छातीवर डॉल्फिन. काकांचा बिल्ला दिसल्यावर त्यानेच पुढे होऊन विचारलं, "सर, कुठली बोट?" काकांनी सांगितलं. त्या बोटी त्याने फक्त फोटोत पाहिलेल्या. त्याच्या बोटीचं काकांना काहीच माहीत नव्हतं, आणि तो सांगूही शकत नव्हता. क्षणभर दोघांनाही बोलायला काही सुचेना. मग काकांनी विचारलं, "सहीसाठी सगळ्यांत जास्त कुणी पळवलं?"

त्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि तो बोलत सुटला.

यंत्रं बदलली तरी वही आणि वहीतल्या सह्या तशाच आहेत. दार बंद झालं की आतल्याने करायचं, हा नियमही तसाच, कारण समुद्राने आपला दाब काही कमी केलेला नाही. त्या मुलाला जे शिकवलं गेलं ते काकांना शिकवलं त्याहून तपशिलात संपूर्ण निराळं होतं. पण दोघांनाही ते पदरात पाडून घ्यायला दुसऱ्याच्या कामापुढे शिकाऊ होऊन उभं राहावं लागलं होतं. वयाने, शिक्षणाने, हुद्द्याने आपल्याहून खालच्या माणसाला 'मला हे येत नाही, शिकव' असं म्हणावं लागलं होतं. हे एकदा म्हटलेला माणूस पुढे तसं म्हटलेल्या दुसऱ्याला ओळखतो. बिल्ला त्या ओळखीची फक्त सोय आहे.

काकांनी आमच्या घरांवरही हा नियम चालवून पाहिला. पुण्याच्या माझ्या सोसायटीत आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी पाण्याची मुख्य झडप, विजेचा मेन स्विच आणि लिफ्टचं हँडल कुठे आहे ते शोधून काढलं आणि मला, वॉचमनला आणि सेक्रेटरीला रांगेत उभं करून विचारलं. आम्ही तिघंही नापास. मालवणला घरी गेल्यावर काकूचा नंबर लागला. फ्यूज कसा बदलायचा, विहिरीचा पंप हवा धरतो तेव्हा काय करायचं, ते तिने शिकून घ्यावं असा त्यांचा आग्रह होता.

काकूने ऐकून घेतलं. मग पदर खोचत म्हणाली, "माका नको तुमची परीक्षा. इतकी वर्सा तुमी नव्हतास तेव्हा तो पंप कोण चालवी होता? आधी माझा काम तुमी शिका."

काका दुसऱ्या दिवशी बाजारातून वही घेऊन आले. कुठल्या डब्यात कुळीथ, कुठल्या बरणीत आगळ, दूधवाल्याचा हिशेब कुठल्या तारखेला, कुणाच्या घरी कुठल्या लग्नात काय अहेर केला होता, तांदूळ किती वेळ भिजायचे, वाटण किती बारीक, तिरफळं कधी घालायची. ते एकेक लाइन चाचपत जातात आणि सहीसाठी काकूपुढे उभे राहतात. काकू चार प्रश्न विचारते. पेज, भात आणि दूधवाल्याचा हिशेब एवढ्यांवर सही झाली आहे. बांगड्याच्या तिखल्यावर अजून नाही.